वाचलेलं पेपरात का आठवत नाही: मेंदूच्या चालीने अभ्यास कसा आखावा

फेब्रुवारी उजाडला की ठाण्याच्या नौपाड्यापासून नवी मुंबईच्या घणसोलीपर्यंत घराघरांत एकच वाक्य ऐकू येतं: "सगळं वाचलं होतं गं, पण पेपरात आठवलंच नाही." आई म्हणते लक्ष नव्हतं, बाबा म्हणतात मोबाइल, क्लासचे सर म्हणतात सराव कमी पडला. मुलगा खोटं बोलत नसतो. त्याने खरंच वाचलेलं असतं, कित्येकदा चार-चार वेळा, पिवळ्या हायलायटरने ओळी रंगवून. घोळ वेगळाच आहे. चौथ्यांदा वाचताना 'हे येतंय मला' असं जे वाटतं, ते मजकूर ओळखीचा झाल्यामुळे वाटतं. समोर असलेलं ओळखणं आणि समोर नसलेलं आठवून काढणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत. परीक्षेत दुसरं लागतं आणि घरी सराव पहिल्याचा होतो.

पुढे जे लिहिलं आहे ते दहावी-बारावीच्या मुलांना, त्यांच्या पालकांना आणि अभ्यासिकेत एमपीएससीची पुस्तकं घेऊन बसणाऱ्यांना सारखंच लागू पडतं. चाळिशीनंतर हार्मोनियम किंवा नवी भाषा शिकायला घेतलेल्यांसाठीही शेवटाकडे थोडं आहे. उदाहरणं मात्र बहुतेक दहावीची घेतली आहेत, कारण ती प्रत्येक घरात कळतात.

आधी आत काय घडतं ते

साधारण १.३ ते १.४ किलोचा मेंदू. त्यात सुमारे ८६ अब्ज चेतापेशी. शरीराच्या वजनात त्याचा वाटा जेमतेम २ टक्के, पण आपण बसल्या जागी जी ऊर्जा खर्च करतो तिच्यातली सुमारे २० टक्के एकटा मेंदू घेतो. प्रत्येक चेतापेशी इतर हजारो पेशींशी जोडलेली असते आणि शिकणं म्हणजे मुख्यतः या जोडण्यांची ताकद बदलणं. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये ही कल्पना मांडली: एक पेशी दुसरीला वारंवार चेतवत राहिली की त्या दोघींमधली जोडणी पक्की होते. १९७३ मध्ये ब्लिस आणि लोमो यांनी सशाच्या मेंदूत हे प्रत्यक्ष मोजून दाखवलं. एका मार्गावर थोडा वेळ वेगाने विद्युत-संदेश पाठवले, तर त्या जोडण्या नंतर कित्येक तास जास्त जोराने प्रतिसाद देत राहिल्या.

अभ्यासाच्या दृष्टीने त्याहून मोलाचं काम एरिक कँडेल यांचं. त्यांनी समुद्री गोगलगायीवर प्रयोग केले, कारण तिच्या चेतापेशी मोठ्या आणि मोजक्या. त्यांना असं दिसलं की अल्पकाळाची आठवण आधीपासूनच्या जोडण्यांमध्ये तात्पुरते रासायनिक बदल करून भागवली जाते. आठवण दिवसेंदिवस टिकायची असेल, तर पेशीला नवी प्रथिनं तयार करावी लागतात आणि नव्या जोडण्या वाढवाव्या लागतात. या कामासाठी त्यांना २००० साली नोबेल मिळालं. परीक्षेच्या आदल्या रात्री बारा तास बसून तीन महिन्यांचा अभ्यास का उरकत नाही, याचं उत्तर इथेच सापडतं. जोडणी वाढणं हे शरीरातलं बांधकाम आहे. त्याला तास नि दिवस लागतात, आणि ते मध्ये विश्रांती देऊन पुन्हा-पुन्हा मागितलं तरच होतं.

अजून एक अवयव लक्षात ठेवा: हिप्पोकॅम्पस. कानाच्या वरच्या बाजूला, खोल आत, दोन्हीकडे एकेक. हेन्री मोलेसन नावाच्या अमेरिकन तरुणाला फिट्सचा असह्य त्रास होता. १९५३ मध्ये शस्त्रक्रियेत त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हा भाग बराचसा काढून टाकला. फिट्स कमी झाल्या, पण त्यानंतर भेटलेला माणूस, वाचलेलं पान, जेवलेलं जेवण, काहीच त्याच्या लक्षात राहिना. लहानपणच्या आठवणी मात्र शाबूत होत्या. म्हणजे नव्या माहितीची पहिली नोंद हिप्पोकॅम्पसच्या आधारे होते, आणि जुनी होत जाते तशी ती मेंदूच्या बाहेरच्या थरात, कॉर्टेक्समध्ये, रुजते. या रुजण्याला मदत होईल असा दिवस आखायचा, एवढंच आपलं काम.

पायरी पहिली: ओटा मोकळा करा

कामापुरतं मनात धरून ठेवण्याची जागा फार लहान असते. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये ती सातच्या आसपास सांगितली होती. नंतरच्या काटेकोर प्रयोगांतून नेल्सन कोवान यांनी २००१ मध्ये ती साधारण चार गोष्टींवर आणली. वन बीएचकेतल्या ओट्यासारखं आहे ते: एका बाजूला कणीक, एका बाजूला शेगडी, मध्ये भाजीची ताटली, आणि आता डबा ठेवायचा झाला तर काहीतरी उचलावंच लागतं.

मग काय करायचं? फोन सायलेंटवर टाकून शेजारी ठेवू नका, दुसऱ्या खोलीत ठेवा. एका कामातून दुसऱ्यात उडी मारताना मेंदूला आधीचा संदर्भ खाली ठेवून नवा उचलावा लागतो आणि परत येताना तेच उलटं. 'फक्त एक मेसेज बघितला' याची किंमत त्या मेसेजच्या दहा सेकंदांपेक्षा खूप जास्त असते. गणिताच्या मधल्या पायऱ्या मनात न ठेवता कागदावर उतरवा. नवा धडा असेल तर एका बैठकीत तीन-चारच नव्या कल्पना घ्या. आकृती एका पानावर नि तिचं स्पष्टीकरण दुसऱ्या पानावर असेल, तर आकृती वहीत काढून नावं तिच्यावरच लिहा, म्हणजे नजर आणि मन दोन पानांमध्ये हेलपाटे घालत बसणार नाही.

ओटा मोकळा करण्याचा सगळ्यात जुना मार्ग मात्र आपल्याकडे होता आणि आपण तो हसून सोडून दिला. दिवेलागणीला शुभंकरोति झालं की परवचा म्हणायची: पाढे, पावकी, निमकी, तिथी, नक्षत्रं. सतरा सत्ते किती हे ज्याला शोधावं लागत नाही, त्याची सगळी जागा वर्गसमीकरणासाठी मोकळी राहते. घोकंपट्टीला नावं ठेवणाऱ्यांशी मी अर्धाच सहमत आहे. समजून घ्यायच्या गोष्टी घोकू नयेत, हे खरं. पण पाढे, सूत्रं, मूलद्रव्यांच्या संज्ञा या हाताशी तयार असायलाच हव्यात, आणि रोज थोडं, न बघता म्हणून काढणं हीच त्याची उत्तम रीत आहे.

पायरी दुसरी: नव्याला जुन्याचा हात द्या

१९७२ मध्ये ब्रॅन्सफर्ड आणि जॉन्सन यांनी लोकांना एक उतारा ऐकवला. "आधी वस्तू वेगवेगळ्या ढिगांत लावा, ढीग किती करायचे ते काम किती आहे त्यावर ठरेल" अशा धाटणीचा. प्रत्येक शब्द सोपा, तरी काही कळेना आणि नंतर आठवेना. ज्यांना आधीच सांगितलं होतं की हे कपडे धुण्याबद्दल आहे, त्यांना कितीतरी जास्त आठवलं. मजकूर तोच, फरक एवढाच की मनात त्याला लावायला खुंटी होती.

म्हणून धडा उघडण्याआधी दोन मिनिटं कागदावर लिहा: या विषयाचं मला आधीपासून काय ठाऊक आहे? चुकीचं असलं तरी चालेल. इतिहासाच्या सनावळ्यांचंच घ्या. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली, हे ठाणेकर मुलाला बहुधा ठाऊक असतं. त्याला धरून १८५७ चा उठाव चार वर्षांनी, आणि मुंबई विद्यापीठाची स्थापनाही त्याच १८५७ मध्ये. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, म्हणजे रेल्वेनंतर बरोबर चाळीस वर्षांनी, आणि टिळकांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना दिली त्याच वर्षी. सुट्या-सुट्या सनावळ्यांपेक्षा एकमेकींचा हात धरून उभ्या असलेल्या सनावळ्या आठवायला वाटा जास्त असतात, कारण एक सापडली की दुसरीपर्यंत जाता येतं.

विज्ञानात हेच काम 'का?' हा प्रश्न करतो. भिंगाचं सूत्र पाठ करण्याआधी, आजोबांना पेपर वाचायला बहिर्गोल भिंग का लागतं आणि नातवाच्या चष्म्यात अंतर्गोल का, हे स्वतःच्या शब्दांत तीन वाक्यांत लिहून बघा. लिहिताना जिथे अडलात तेवढंच पुन्हा वाचा.

पायरी तिसरी: पुस्तक मिटा

या लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. एका गटाने एक उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकदाच वाचला आणि नंतर तीन वेळा, न बघता, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा चार वेळा वाचणारे पुढे होते: ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटं झालं. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ६१. यातली बोचणारी गोष्ट पुढे आहे. 'आठवड्याने तुम्हाला किती आठवेल?' असं आधी विचारलं, तेव्हा सर्वांत जास्त खात्री चार वेळा वाचणाऱ्यांनाच होती. अभ्यास चांगला चाललाय की नाही हे स्वतःच्या वाटण्यावरून ठरवू नये, ते यासाठी.

असं का होतं? आठवण काढताना हिप्पोकॅम्पस त्या अनुभवाच्या कॉर्टेक्समध्ये विखुरलेल्या खुणा पुन्हा एकत्र चेतवतो. ज्या जोडण्या या प्रयत्नात कामाला लागतात त्या बळकट होतात, आणि आठवणीपर्यंत पोचण्याची वाटही सरावाची होते. नुसतं वाचताना उत्तर डोळ्यांसमोरच असतं, तेव्हा ती वाट वापरायची वेळच येत नाही.

प्रत्यक्षात असं करा. धड्याचा एक भाग, दोन-तीन पानं, लक्ष देऊन वाचा. पुस्तक मिटा, कोरा कागद घ्या, वर तारीख टाका. आठवेल ते लिहा: मुद्दे, आकृती, सूत्रं, कसल्याही क्रमाने. अडलात तरी लगेच उघडू नका, निदान मिनिटभर झगडा. मग पुस्तक उघडून वेगळ्या रंगाच्या पेनाने राहिलेलं भरा आणि चुकलेलं दुरुस्त करा. तो दुसरा रंग म्हणजे उद्याचा अभ्यास. पहिल्या वेळी कागद अर्धा कोरा राहतो आणि मुलं खट्टू होतात. त्यांना आधीच सांगून ठेवा की कोरा भाग दिसला म्हणजे युक्ती चालू झाली.

ज्यांना लिहायचा कंटाळा आहे त्यांनी बोलून करावं. आजीला 'सजीवांतील जीवनप्रक्रिया' समजावून सांगणं हा अव्वल दर्जाचा अभ्यास आहे, आणि आजी प्रश्न विचारणारी असेल तर क्लासची फी वाचली म्हणायची. पालकांनी एवढाच बदल करावा: "वाचलंस का?" ऐवजी "पुस्तक इकडे दे आणि सांग बघू" म्हणावं. आवाज मात्र चौकशीचा ठेवा, चौकीतला नको.

पायरी चौथी: थोडं विसरू द्या, मग परत या

हर्मन एबिंगहाऊस या जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवलं की निरर्थक अक्षरगट पाठ केले तर त्यातलं बरंचसं पहिल्या दिवसातच जातं, आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. त्यालाच हेही दिसलं होतं की एकाच दिवशी खूप घोकण्यापेक्षा तीच मेहनत काही दिवसांवर पसरली तर कमी घोकून भागतं. शंभरेक वर्षांत यावर इतके प्रयोग झाले आहेत की शिकण्याच्या विज्ञानात याहून भक्कम निष्कर्ष क्वचितच सापडेल.

अंतर किती ठेवायचं? सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मोठ्या प्रयोगातून काढलेला अंदाज असा: आठवड्यानंतरच्या परीक्षेसाठी त्या कालावधीच्या २० ते ४० टक्के, म्हणजे दीड ते तीन दिवसांनी उजळणी. वर्षभरानंतरच्या परीक्षेसाठी ५ ते १० टक्के, म्हणजे तीन ते पाच आठवड्यांनी. यावरून शाळेसाठी एक ढोबळ क्रम बसतो: शिकल्याच्या दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग दहा-बारा दिवसांनी, मग महिन्याने. पाठोपाठ बरोबर आलं तर अंतर वाढवा, अडलं तर पुन्हा जवळ आणा. प्रत्येक उजळणी म्हणजे कोरा कागद. पुन्हा वाचन नव्हे.

यासाठी अॅप लागत नाही. दोनशे पानी वहीच्या मागच्या पानांवर तारखा टाका आणि त्या तारखेला कोणता धडा परत यायचा तेवढं लिहून ठेवा. एमपीएससीवाल्यांना प्रश्नपत्त्या जास्त सोयीच्या: जाड कागदाचे तुकडे, पुढे प्रश्न, मागे उत्तर, रबर लावलेल्या तीन गड्ड्या. रोजची, आठवड्याची, महिन्याची. बरोबर आलेली पत्ती पुढच्या गड्डीत, चुकलेली परत रोजच्या गड्डीत.

ठाणे-वाशी लोकलने रोज ये-जा करणाऱ्याकडे तर याची वेळ आयतीच आहे. साधारण अर्ध्या तासाचा प्रवास. उभं राहून पुस्तक धरता येत नाही, आणि तेच बरं. ऐरोलीला एक प्रश्न मनात घ्या, रबाळ्यापर्यंत उत्तर जुळवा, घणसोलीला खिशातली पत्ती काढून पडताळा. कानात लेक्चर लावून गर्दीत डुलक्या काढण्यापेक्षा यातून हाती जास्त लागतं.

पायरी पाचवी: एकाच प्रकारची वीस गणितं सोडवू नका

गाईडमध्ये शंकूची दहा गणितं, मग वृत्तचितीची दहा, मग गोलाची दहा. पहिल्या दोन गणितांनंतर मुलगा विचार करणं बंद करतो, कारण सूत्र कोणतं ते ठाऊकच आहे. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये घनाकृतींच्या घनफळावरच प्रयोग केला. सलग सराव करणाऱ्यांना सरावाच्या वेळी ८९ टक्के गणितं आली, सरमिसळ करणाऱ्यांना ६० टक्के. आठवड्यानंतरच्या परीक्षेत सलगवाले २० टक्क्यांवर आले, सरमिसळवाले ६३ वर.

पेपरात 'हे शंकूचं गणित आहे' असं कोणी सांगत नाही. ओळखणं हेच निम्मं काम, आणि सलग सरावात तेवढंच गाळलं जातं. महत्त्वमापन, त्रिकोणमिती, समरूपता यांतली गणितं चिठ्ठ्यांवर उतरवून डब्यात टाका आणि रोज आठ-दहा काढा. नवीन प्रकार शिकताना पहिली चार-पाच गणितं सलग करायला हरकत नाही. सरमिसळ त्यानंतर. एक सूचना: मार्क सुरुवातीला घसरतील, आणि क्लासच्या साप्ताहिक टेस्टमध्ये शेजारचा पुढे दिसेल. घरातल्यांनी दोन आठवडे दम धरायचा.

पायरी सहावी: आधी अंदाज, मग उत्तर

डोपामिन म्हणजे 'आनंदाचं रसायन' असं आपण वाचतो. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांनी जास्त बारकाईची गोष्ट दाखवली. बक्षीस अनपेक्षित आलं की डोपामिनच्या पेशी जोरात चेततात. तेच बक्षीस अपेक्षेप्रमाणे आलं तर त्या गप्प राहतात, आणि अपेक्षा असून आलं नाही तर त्यांचं चेतणं खाली जातं. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक मेंदू मोजतो आणि त्यावरून शिकतो.

याचा उपयोग सरळ आहे. उत्तर बघण्याआधी अंदाज बांधा, आणि किती खात्री आहे तेही लिहा. खात्रीने लिहिलेलं चुकलं तर दुरुस्ती जास्त पक्की बसते, हे प्रयोगांत दिसलं आहे. पडताळणी मात्र लवकर व्हायला हवी. सराव प्रश्नपत्रिका तपासून तीन आठवड्यांनी हातात येते तेव्हा मुलगा फक्त मार्क बघतो. तोवर प्रश्न काय होता आणि आपण काय विचार केला होता, दोन्ही गेलेलं असतं. घरी सोडवली असेल तर त्याच संध्याकाळी आदर्श उत्तराशी ताडून बघा.

पायरी सातवी: झोप अभ्यासाच्या तासांत धरा

विल्सन आणि मॅकनॉटन यांनी १९९४ मध्ये उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींची नोंद घेतली. दिवसा फिरताना ज्या पेशी एकत्र चेतल्या होत्या, त्याच नंतरच्या गाढ झोपेत पुन्हा एकत्र चेतत होत्या. दिवसभराची नोंद कॉर्टेक्सकडे सोपवण्याचं बरंचसं काम झोपेत चालतं, असं आज मानलं जातं. रात्र जागून काढलेल्या मुलाचं दुहेरी नुकसान होतं: काल वाचलेलं नीट रुजत नाही, आणि आज नवं नोंदवण्याची क्षमताही घटते.

१३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. त्यात या वयात शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, झोप यायची वेळच उशिराची होते. तो आळस नसतो. आपल्याकडे पहाटे चारला उठून अभ्यास करण्याचं फार कौतुक. रात्री आठला झोपणाऱ्याला ते शोभतं. साडेअकराला क्लासचं होमवर्क संपवलेल्या मुलाला चारला उठवणं म्हणजे कालचा अभ्यास पुसून आजचा करायला लावणं. वेळेचं गणित जमत नसेल तर तासभर अभ्यास कमी करा, झोपेला हात लावू नका. झोपण्याआधीची दहा मिनिटं कोऱ्या कागदाला द्यावी आणि नंतर स्क्रीन नको. नवरात्रात किंवा लग्नसराईत खाली ढोल चालू असेल तर त्या रात्री पूर्ण शांततेची वाट बघत चिडण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी दुपारी अर्ध्या तासाची डुलकी काढलेली बरी.

पायरी आठवी: पाय हलवा, भीतीची तालीम करा

२०११ मध्ये एरिकसन आणि सहकाऱ्यांनी वयस्क मंडळींना वर्षभर नियमित भरभर चालायला लावलं. त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा आकार सुमारे २ टक्क्यांनी वाढला. नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांचा थोडा घटला. मासुंदा तलावाभोवती किंवा उपवनला संध्याकाळी चार फेऱ्या मारणाऱ्या आजोबांना हे सांगितलं तर ते म्हणतील, आम्हाला ठाऊकच होतं. मुलांनाही लागू आहे. दहावी आली म्हणून खेळ बंद करणं हा उलटा न्याय झाला.

परीक्षेच्या हॉलमध्ये मन कोरं पडतं त्यामागे ताण असतो. अमिग्डला हा मेंदूतला भीती ओळखणारा भाग धोक्याची घंटा वाजवतो, कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं आणि त्याने आठवणी बाहेर काढणं अवघड होतं. शिवाय भीती स्वतःच मनातली ती इवलीशी जागा अडवून बसते. यावर 'घाबरू नकोस' या सल्ल्याचा उपयोग नाही. तालीम करा: त्याच वेळी, घड्याळ लावून, अनोळखी जागी, जमल्यास अभ्यासिकेत किंवा ओळखीच्यांच्या घरी, पूर्ण पेपर. चार-पाच तालमींनंतर हॉल अनोळखी राहत नाही.

हातांचं शिकणं, आणि चाळिशीनंतरचं

हेन्री मोलेसनची गोष्ट अर्धी राहिली होती. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. रोज नव्याने शिकतोय असंच त्याला वाटे, आधी केल्याची आठवण शून्य. तरी त्याचा हात दिवसागणिक सुधारत गेला. हातांची कौशल्यं मेंदूत वेगळ्या मार्गाने, मुख्यतः बेसल गँग्लिया (मेंदूत खोल आत असलेले पेशींचे गट) आणि लहान मेंदू यांच्याकडून, शिकली जातात. तिथे समजावून सांगण्याचा फायदा मर्यादित. हार्मोनियम, तबला, स्कूटर, टायपिंग, काहीही असो: रोज वीस मिनिटं ही रविवारच्या तीन तासांपेक्षा सरस, सुरुवात संथ लयीत आणि अचूक, कारण हात चुकाही तितक्याच इमानदारीने शिकतो.

आता वयाचं. 'आता डोकं चालत नाही' हे वाक्य बहुतेकदा वेळ नसल्याची सबब असते. लंडनच्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी हजारो रस्ते तोंडपाठ करावे लागतात. एलेनॉर मॅग्वायर यांना २००० मध्ये त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा आढळला. २०११ च्या पुढच्या अभ्यासात परवाना मिळवणाऱ्यांमध्ये हा बदल प्रशिक्षणाच्या काळात घडताना दिसला. ड्रागान्स्की यांनी २००४ मध्ये प्रौढांना तीन महिने चेंडू झेलण्याची करामत शिकवली, तेव्हा मेंदूचा संबंधित भाग वाढला आणि सराव थांबल्यावर पुन्हा ओसरला. वयाबरोबर नवी नोंद करण्याचा वेग कमी होतो, हे खरं. पण मोठ्यांकडे जुन्या खुंट्या जास्त असतात. तुर्भ्याच्या बाजारात गुजराती कानावर पडत वाढलेला माणूस पन्नाशीत गुजराती लिपी शिकायला बसला, तर त्याची निम्मी वाट आधीच कापलेली असते.

पैसे कुठे घालवू नयेत

बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धिमत्ता आणि करिअर सांगणारी चाचणी, डीएमआयटी, ठाण्याच्या सोसायट्यांत आणि प्रदर्शनांच्या स्टॉलवर अजून विकली जाते. त्वचेचा बाहेरचा थर आणि मेंदू गर्भात एकाच थरातून बनतात एवढं खरं. त्यावरून ठशांत गणिताची आवड वाचता येते, याला काहीही शास्त्रीय आधार नाही, आणि इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीनेही तेच सांगितलं आहे. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला लावणारं 'मिडब्रेन अॅक्टिव्हेशन' तर सरळ हातचलाखी: मुलं नाकाजवळच्या फटीतून बघतात, आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी हे वारंवार उघडं पाडलं आहे. मिडब्रेन, म्हणजे मध्यमेंदू, चालू नसता तर मूल जागंच राहिलं नसतं.

'माझा मुलगा व्हिज्युअल लर्नर आहे' हेही तपासून घ्या. आवड असते, पण आवडीच्या माध्यमातून शिकवलं की जास्त शिकलं जातं याचा भरवशाचा पुरावा पॅशलर आणि सहकाऱ्यांना २००८ च्या आढाव्यात सापडला नाही. माध्यम विषयाने ठरवावं: नकाशा बघूनच शिकायचा, कविता ऐकूनच.

एवढं करूनही अडत असेल तर

बोलणं मूल आपोआप शिकतं, वाचणं नाही. वाचताना मेंदूच्या डाव्या बाजूचा, मुळात आकार ओळखणारा एक भाग अक्षरांच्या कामाला लावावा लागतो. देवनागरीत तर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची नि नंतर उच्चारायची. सुरुवातीला सगळीच मुलं अडखळतात. पण तिसरी-चौथीनंतरही वाचन खूप संथ असेल, तोंडी उत्तरं छान आणि लेखी कोरी असतील, अक्षरांची अदलाबदल चालूच असेल, तर ती अध्ययन-अक्षमता असू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे, आणि महाराष्ट्रात बोर्डाच्या परीक्षेत अशा मुलांना जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. त्यासाठी मान्यताप्राप्त रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. तपासण्या अनेक बैठकांत होतात नि नंबर लागायला वेळ जातो, म्हणून आठवी-नववीतच शाळेशी बोला. प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. ठाणे जिल्ह्यासाठी ते कार्यालय वाशीला आहे. डिसेंबरात धावपळ करणाऱ्या पालकांची तिथे कमी नसते.